माहेर : कवींच्या वाणीतील एक समान सूत्र

(महाजन कुटुंबांच्या स्नेहसंमेलनात बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या कार्यवाहांनी मला बोलण्यासाठी विषय दिला, तो 'थोर कवींच्या काव्यातील समान सूत्रे' असा. विषय ऐकून मी प्रथम गांगरलो. निसर्ग, प्रेम, भक्ती, मृत्यू, देशाभिमान ही सूत्रे जगातील सर्वच भाषांच्या कवींना समान आहेत. त्यांची नुसती नावे घेत बसलो तर व्याख्यान संपेल, पण श्रोत्यांच्या पदरी काही पडणार नाही. म्हणून मी एक सोयीचा मार्ग काढला आहे. जे सूत्र ज्ञानदेवांपासून आपल्या बेळगावच्या कवींपर्यंत अखंड चालत आले आहे, आणि ज्याच्याशी या सभागृहात बसलेल्या प्रत्येक घराचा संबंध आहे, असे एकच सूत्र आज आपल्यापुढे उलगडावे असे योजिले आहे. ते सूत्र एका साध्या, घरगुती शब्दात सामावले आहे. तो शब्द म्हणजे 'माहेर'.

शब्द घरगुती खरा, परंतु त्याची गंमत अशी की लोकव्यवहारात तो अर्ध्याच समाजाचा आहे. पुरुषाला घर असते, गाव असते, माहेर नसते. ज्या घरात जन्मलो तेथेच राहणाऱ्याला त्या घराचे माहेर होत नाही. उंबरठा ओलांडून जी दूर गेली, तिलाच माहेर मिळते. म्हणजे माहेर या शब्दाच्या पोटात वियोग आधीच येऊन बसलेला आहे. तेथे परत जाता येते, परंतु तेथे राहता येत नाही. कवींना हा शब्द इतका प्रिय का झाला, याचे उत्तर मला वाटते येथेच आहे.

आता संतांकडे पाहू. संसार सुखाचा करण्याची प्रतिज्ञा करणारा ज्ञानदेवांचा अभंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्या अभंगात ते पंढरपूरला आपले माहेर म्हणतात आणि लेक आईशी बोलते तसे बोलतात. एकनाथांनी पंढरीच्या माहेरपणावर स्वतंत्र अभंग रचला. तुकोबांनी तर विठ्ठलावाचून होणारी आपली तळमळ सांगताना, सासरी निघालेली आणि पुन्हापुन्हा मागे वळून पाहणारी मुलगी डोळ्यांपुढे उभी केली. हे तिघेही पुरुष. व्यवहाराच्या भाषेत यांना माहेर नव्हे. तरीही अंतःकरणातील सर्वांत कोवळी गोष्ट बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी लेकीचा आवाज घेतला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांनी माहेर हा शब्द असा उराशी धरला, त्यांच्या वाट्याला घराचे सुख किती आले होते? ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे लहानपणीच आईबापांवाचून उघडी पडली, आणि समाजाने त्यांना बाहेर ठेवले. तुकोबांचे आईवडील तरुणपणीच गेले, आणि पुढे दुष्काळाने पहिली पत्नी नेली. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. विठ्ठल आपल्याबरोबर दळण-कांडण करतो असे ती सांगते, ते कवित्वाचा अलंकार म्हणून नव्हे. जात्यावर दुसरी बाजू धरायला घरचे कुणी नव्हते, ती जागा तिने देवाला दिली. म्हणून मी म्हणतो की भरल्या घरातून माहेराची कविता सहसा येत नाही. ज्याचे घर सुटले किंवा मोडले, त्याच्या तोंडी ती येते.

आणि ज्या पंढरीला या सर्वांनी माहेर मानले तेथील देव कोण? ज्ञानदेवांनी त्याला कानडा म्हटले आहे. काही अभ्यासक 'कानडा' याचा अर्थ अगम्य, सहज न कळणारा असा करतात. काही सरळ कर्नाटकाचा असा करतात. आपण सीमाभागातील माणसे. आपल्याला दोन्ही अर्थ एकाच वेळी पटायला अडचण पडू नये. परंपरा असेही सांगते की विठ्ठलाची मूर्ती एकदा विजयनगरला नेण्यात आली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरीस आणली. म्हणजे ज्याच्या पायाशी सर्वांचे माहेर, त्या देवालाही काही काळ परगावी राहावे लागले, अशी ही कथा आहे.

महाजनांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखालील मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलून नदीपार नेले. श्रीमंगेश कुशस्थळीहून १५६० मध्ये प्रियोळला आला. त्याच सुमारास श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्या अमलाखाली अठराव्या शतकात गेला. पंढरीचा देव परतला. आपले देव जेथे गेले तेथेच राहिले आणि तेथे नवी देवालये उभी राहिली. कवळ्याचे आजचे देवालय १७३८ मध्ये नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने शाहू छत्रपतींच्या काळात झाले. आपण आज ज्याला मूळस्थान समजून वर्षातून एकदा धावत जातो, ते स्थान देवाच्या दृष्टीने दुसरे घर आहे. देवीलाही माहेर आहे, आणि ते मागे राहिलेले आहे. आपल्या कुळांच्या स्मृतीत वियोग हा असा देवघरापासून सुरू होतो.

संतांची ही वाणी पुढे कुणी वाहिली? पंडितांनी ग्रंथांतून वाहिली हे खरेच. परंतु त्याहून अधिक ती बायकांनी जात्यावर वाहिली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या नावाने स्त्रियांच्या ओव्यांचा संग्रह केला, तो चाळून पाहावा. बंधू, माउली, माहेरची वाट, मुराळी येण्याची वाट पाहणे, हे विषय पुनःपुन्हा येतात. ओवी रचणारीचे नाव कुठेही नाही. ती दळीत होती, पीठ पडत होते, शब्दही पडत होते.

येथे मला माझेच एक विधान थोडे दुरुस्त करावेसे वाटते. मी हे सूत्र मराठी कवितेचे म्हणून सांगत आलो, पण ते मराठीपुरते नाही. आपल्या शेजारची कानडी बाई माहेराला 'तवरु' म्हणते, आणि तिची जात्यावरची त्रिपदी तवराच्या आठवणीने तशीच भिजलेली असते. विजापूर जिल्ह्यातील इंडी परिसरात हलसंगी नावाचे गाव आहे. तेथील मधुरचेन्न, सिंपी लिंगण्णा आदी मित्रमंडळींनी बायकांची कानडी गाणी गोळा केली आणि १९३१ मध्ये 'गरतिय हाडु' हा संग्रह सिद्ध केला. जात्याचा दगड एकच, त्यावर मराठी ओवी आणि कानडी त्रिपदी दोन्ही फिरल्या. सरहद्दीचे वाद पुरुषांनी आपल्या परीने केले. बायकांनी मात्र दोन्ही भाषांत एकच दुःख दळले.

याच इंडी गावी १९१४ मध्ये एका मराठी कवयित्रीचा जन्म झाला, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. त्या म्हणजे इंदिरा संत. त्यांचे माहेरचे आडनाव दीक्षित, आणि मूळ गाव निपाणीजवळचे तवंदी. बेळगावहून निपाणीला जाताना तवंदीचा घाट लागतो; आपल्यापैकी अनेकजण तो महिन्यातून दोनदा उतरत असतील. पुढच्या वेळी घाट उतरताना एवढे आठवावे की आधुनिक मराठी भावकवितेतील एका श्रेष्ठ कवयित्रीचे हे गाव. इंदिराबाईंचे कर्तृत्वाचे आयुष्य बेळगावात गेले. येथील ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकविले, तेथेच त्या पुढे प्राचार्य झाल्या. पती ना. मा. संत यांच्यासह त्यांचा 'सहवास' हा संग्रह १९४० मध्ये निघाला. १९४६ मध्ये संतांचे निधन झाले आणि त्या संग्रहाचे नाव एका दृष्टीने तेथेच संपले. पुढे 'शेला' १९५१ मध्ये, 'मेंदी' १९५५ मध्ये, 'मृगजळ' १९५७ मध्ये, 'रंगबावरी' १९६४ मध्ये आले. 'गर्भरेशीम'ला १९८४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९९५ मध्ये जनस्थान पुरस्कार मिळाला.

इंदिराबाईंच्या कवितेतील वियोग हा परत न येणाऱ्या माणसाचा वियोग आहे. जेथे परत जावे असे ठिकाणच उरले नाही, तेथे मन काय करील? ते पावसाकडे, संध्याकाळकडे, झाडापानांकडे आणि मातीच्या वासाकडे गेले. निसर्ग हा त्यांना देखावा म्हणून लागत नाही, तर आपले म्हणण्याजोगे कुणीतरी म्हणून लागतो. आणि उत्तरायुष्यात त्यांनी केलेले एक काम पाहा. खेड्यापाड्यांतील बायकांच्या ओव्यांवर त्यांनी 'मालनगाथा' लिहिली. साहित्यातील सर्व मानसन्मान मिळालेली ही विदुषी अखेरीस जात्यापाशी येऊन बसली. मला तर ते त्यांच्या कवितेचे माहेरपण वाटते.

इंदिराबाईंच्या बेळगावातच आणखी एक कवी मराठीचे अध्यापन करीत होते. कृ. ब. निकुंब यांचे नाव आजच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांचे एक गीत महाराष्ट्रभर झाले. सासरी असलेली मुलगी परसातल्या वाऱ्याशी बोलते आणि त्याला माहेरी धाडते. मी सुखात आहे असे आईला सांग, म्हणून ती निरोप देते. आणि तो निरोप देता देताच तिला आठवते की माहेरी जाऊन वर्ष लोटले. मग गोठ्यातली गाय आठवते, परसातले फूलझाड आठवते, आणि सुखात असल्याचा निरोप डोळ्यांतल्या पाण्याने खोटा पडतो. संतांनी माहेर देवाच्या गावी नेले होते. निकुंबांनी ते पुन्हा गोठ्यापाशी आणि परसात आणून ठेवले.

या गीताशी माझ्या घरातील एक गोष्ट जोडलेली आहे. ती सांगण्याची मुभा असावी. कारण तिच्यावाचून माझा मुद्दा पुरा होणार नाही.

माझे वडील निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत कारकून होते. आईचे माहेर फोंडे महालात, आपल्या कुलदेवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी माघातील जत्रेला आई आम्हांला घेऊन जाई. निपाणीहून मोटारीने बेळगाव, तेथून रेल्वेने लोंढा, कॅसलरॉक, मग दूधसागरचा धबधबा आणि कुळे. धबधबा आला की आई खिडकीतून हात जोडी. आम्हां मुलांना वाटे की तेथेही एखादा देव असावा.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला, अनेकांना हौतात्म्य आले. त्यानंतर सरहद्द बंद झाली आणि गोव्याकडे जाणारी रेल्वे थांबली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार प्रांतरचना होऊन निपाणी आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेली. त्या एका दिवशी निपाणीच्या कितीतरी लेकींचे सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात झाले. तेथे निदान येणेजाणे होते. माझ्या आईच्या माहेराची वाट मात्र मिटली ती सहा वर्षे उघडली नाही.

आजोबा १९५८ मध्ये वारले. पत्र वळसे घेत आले, तेव्हा त्यांचे दिवसकार्यही होऊन गेले होते. आईने पत्र दोनदा वाचले, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले, आणि घरात येऊन कोपऱ्यात बसली. रडण्याचा आवाज आम्ही ऐकला नाही. निपाणीत पिठाची गिरणी होती, तरी भाजणी आणि मेतकूट आई घरच्या जात्यावर दळी. आमचे घरचे बोलणे कोकणीत. पण आईची ओवी मराठीत असे, जशी आपल्या सर्वच घरांत असते. त्या दिवसांनंतर मला जाणवले की ओवीत जेथे पंढरीचे नाव यायचे तेथे ती आमच्या कुलदेवीच्या गावाचे नाव घालू लागली आहे. पुढे निकुंबांचे ते गीत रेडिओवर लागले की आई हातातले काम थांबवी. वाऱ्याला परवाना लागत नाही, एवढेच एकदा म्हणाली.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच माघात आम्ही जत्रेला गेलो. आजी आता अंथरुणाला खिळली होती. पण अंगण सारवलेले होते, तुळशीपाशी दिवा होता, आजोबांच्या नित्यपूजेतले देव लखलखीत होते. आईने आधी आजीच्या पायांवर डोके ठेवले, मग मामीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही दिवा लावलात म्हणून मला यायला दार राहिले."

मामी हसली. ती अत्यंत मितभाषी. म्हणाली, "माझ्या दारात कोण लावतंय, ते मलाही एकदा पाहून यायचंय."

मामीचे माहेर सावंतवाडी. आई निपाणीत बसून सहा वर्षे गोव्याकडे पाहत होती, आणि त्याच सहा वर्षांत मामी गोव्यात बसून सावंतवाडीकडे पाहत होती. सरहद्द एकच होती, तिच्या दोन बाजूंना दोघी. सगळ्या घराला आईच्या माहेराचे दुःख ठाऊक होते. मामीलाही माहेर आहे हे कुणाच्या मनातही आले नव्हते. मला ते दृश्य आजही दिसते. आई काही वेळ बोलली नाही. मग मामाला म्हणाली, "जत्रा झाली की वहिनींना वाडीला पोचवून ये. आईचे आणि देवाचे मी बघते." आमची निपाणीची शाळा बुडाली, पण आई आठ दिवस अधिक राहिली. त्या आठ दिवसांत ती माहेरवाशीण नव्हती. पहाटे उठून सडा घालणे, आजीला अंघोळ घालणे, नैवेद्य करणे, दिवा लावणे, हे सर्व ती करी. माहेरी येऊन तिने सासर केले, कारण दुसऱ्या एका बाईला माहेर मिळावे.

या प्रसंगाचा अर्थ मला अनेक वर्षे नीटसा उमगला नव्हता. तो उमगला बहिणाबाई चौधरींची गाणी वर्गात शिकविताना. खानदेशातील ही शेतकरीण, जन्म १८८० चा. लिहिता-वाचता न येणारी. तिची गाणी तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. माहेराच्या एका गाण्यात तिला कुणी जोगी विचारतो की सदा माहेराचेच गाणे तुझ्या ओठी, तर मग माहेरून सासरी आलीस कशासाठी? त्यावर तिने दिलेले उत्तर मराठीतील सर्व माहेर-कवितांचा कळस आहे. तिच्या उत्तराचे तात्पर्य असे की, आई सासरी का नांदते, तर तिच्या मुलीला माहेर असावे म्हणून.

बंधुभगिनींनो, या उत्तराने मी आतापर्यंत सांगत आलेले सर्व काही उलटे होते. संतांपासून निकुंबांपर्यंत आपण माहेराकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले. बहिणाबाईने माहेर राखणारीच्या डोळ्यांनी पाहिले. माहेर हे ठिकाण नसून कुणाच्या तरी रोजच्या कष्टाचे नाव आहे. आपण ज्याला आठवण म्हणतो, ते दुसऱ्या कुणाचे तरी चालू काम असते. माझ्या आईला माहेर होते, कारण मामी होती. आणि ज्या क्षणी आईला हे कळले, त्या क्षणी तिने मामीच्या जागी उभे राहायचे ठरविले.

या दृष्टीने आता आणखी तीन कवींकडे पाहून मी आटोपते घेणार आहे. बा. भ. बोरकर १९१० मध्ये गोव्यातील कुडचडे येथे जन्मले. आकाशवाणीच्या नोकरीनिमित्त ते पुण्यासही राहिले, पण गोव्याची भूमी त्यांच्या शब्दांतून कधी हलली नाही. शंकर रामाणी हे मांडवीकाठच्या वेरेचे. त्यांचे वास्तव्य मात्र आपल्या बेळगावात होते. 'कातरवेळ', 'आभाळवाटा', 'पालाण' हे त्यांचे मराठी संग्रह रसिकांना परिचित आहेत. या दोघांत एक साम्य आहे. दोघेही मराठीत नावारूपाला आले, आणि दोघांनीही आईच्या बोलीत, कोकणीत, तितक्याच निष्ठेने कविता लिहिली. बोरकरांच्या 'सासाय'ला १९८१ मध्ये आणि रामाणींच्या 'निळें निळें ब्रह्म'ला १९९६ मध्ये साहित्य अकादमीचा कोकणी भाषेसाठीचा पुरस्कार मिळाला. बोली ही त्यांनी आठवणींपुरती ठेवली नाही. तिच्यात नवे काम करून तिचे अंगण सारवले.

तिसरे धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. घरची भाषा मराठी, आणि कवी कन्नडचे. १९७३ मध्ये 'नाकु तंति'साठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठी हे त्यांचे माहेर म्हणावे, तर कन्नड हा त्यांचा संसार. आणि तो त्यांनी किती वैभवाचा केला हे कन्नड जाणणारे सांगतील. पण 'संवाद' हा मराठी ग्रंथ लिहून त्यांनी माहेरचा उंबराही ओलांडला. त्यांचे काव्यनाम अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त. कन्नड कवितेखाली सही करताना प्रत्येक वेळी त्यांनी आईचे नाव लिहिले. ज्यांना सासर आणि माहेर यांत भांडणच दिसते, त्यांनी या सहीकडे पाहावे.

आता महाजन या नात्याने थोडे आपल्याविषयी बोलतो. आज बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने निघालो तर सकाळी अभिषेक, दुपारी प्रसाद आणि रात्री आपल्या घरी जेवण, एवढे सोपे झाले आहे. आमच्या आईला जे सहा वर्षे दुर्मिळ होते ते आपल्याला एका दिवसात मिळते. सुलभतेविरुद्ध माझी काही तक्रार नाही. परंतु आपण सारे माहेरवाशीण होऊन जातो, लाड करून घेतो, आणि परततो. तेथे मामी कोण आहे, याची चौकशी आपण करतो का? रोज पहाटे दार उघडणारा पुजारी, नंददीपात तेल घालणारा, चौघड्यावर बसणारा, गावात राहून घर उघडे ठेवणारी आपल्यातलीच दोन-चार वृद्ध कुटुंबे, यांच्या बळावर आपले माहेर उभे आहे. त्यांनाही कधी वाडीला जायचे असते.

भाषेचेही तसेच. या सीमाभागात मराठीची दुरवस्था झाली म्हणून आपण हळहळतो आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालतो. मी कुणाला दोष देत नाही. माझ्या घरातही तेच आहे. माझी नात कन्नड उत्तम बोलते, इंग्रजी त्याहून उत्तम, मराठी समजते, कोकणी मात्र आता तिला पाहुण्यांची भाषा वाटते. हळहळ ही माहेरवाशिणीची झाली. राखणारीचे काम हळहळीने होत नाही.

म्हणून एक विनंती करतो. बहुतेक देवस्थानांत महाजनांच्या नोंदी परंपरेने पुरुषांच्या वंशाने चालत आल्या. कोणत्या कुळात कोण जन्मला हे त्यांवरून कळते. कोणत्या घरातून कोण आली हे कळत नाही. आपल्या आज्या-पणज्यांची माहेरे कागदावर कुठेच नाहीत. ती आहेत फक्त त्यांच्या ओव्यांत, आणि त्या ओव्या आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या काही बायकांच्या ओठांवर उरल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने या वर्षी एक वही घ्यावी. घरातील ज्येष्ठ स्त्रीला जवळ बसवून तिच्या ओव्या उतरून घ्याव्यात. मराठी असोत, कोकणी असोत, शेजारणीकडून शिकलेल्या कानडी असोत. वर तिचे नाव लिहावे, आणि त्याखाली तिच्या माहेरच्या गावाचे नाव लिहावे. पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी ही यादीही छापली जावी. इंदिराबाई संतांनी जे सर्व मराठी बायांसाठी केले, ते आपण निदान आपल्या घरापुरते करू.

माझ्या आईच्या ओव्या मी लिहून घेतल्या नाहीत. ती गेली तेव्हा मी मराठीचा शिक्षक होतो, शेकडो मुलांना बहिणाबाई शिकवीत होतो, आणि घरातल्या जात्यापाशी वही घेऊन बसावे हे मला सुचले नाही. कुलदेवीच्या गावाचे नाव ती कोणत्या ओवीत घालीत असे, ते आता माझ्याने सांगवत नाही. चाल तेवढी कानात आहे. ही चूक आपल्यापैकी कुणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच मी आज हा विषय निवडला.

 कुलदेवतेची कृपा आपणा सर्वांवर राहो, आणि आपल्या लेकीसुनांची माहेरे उघडी राहोत, एवढे मागून थांबतो.